‘हिअरबाय’ म्हणजे ‘याद्वारे’ : बोलणं हेच करणं होतं तेव्हा



आज आपण एकाच शब्दावर बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, क्रियाविशेषण आहे आणि जुनाट आहे. ‘हिअरबाय’. रोजच्या इंग्रजी बोलण्यात तो आता कुणी वापरत नाही. लंडनमधला माणूसही चहाच्या टेबलावर हा शब्द उच्चारत नाही, उच्चारला तर थट्टेनंच. पण आपल्या घरातली कागदांची पेटी उघडा. नोकरीचा आदेश, बँकेचं हमीपत्र, मुलाच्या कॉलेजचं प्रतिज्ञापत्र, शेताचं खरेदीखत. इंग्रजीत असेल तर तिथं ‘हिअरबाय’ आहे, आणि मराठीत असेल तर ‘याद्वारे’ किंवा ‘यान्वये’ आहे. बोलण्यातून गेलेला शब्द कागदावर एवढा घट्ट का धरून ठेवला आहे? वकिलांना जड शब्द आवडतात म्हणून, एवढंच त्याचं उत्तर नाही. त्या शब्दाला एक काम आहे आणि ते काम दुसरा शब्द सहजासहजी करत नाही. ते काम कोणतं, हे आज पाहू.

आधी शब्दाची घडण. ‘हिअर’ म्हणजे इथं आणि ‘बाय’ म्हणजे ‘च्या योगाने’. पण ‘बाय’चा दुसरा अर्थ ‘जवळ’ असाही आहे. त्यामुळे शेक्सपिअरच्या काळात ‘हिअरबाय’चा एक अर्थ ‘इथंच जवळपास’ असाही होता, आणि त्याच्या नाटकात तो तसा आलेला आहे. १६११ साली निघालेल्या इंग्रजी बायबलात हाच शब्द ‘यावरून’ या अर्थानं येतो, म्हणजे यावरून आपल्याला अमुक कळतं. हे दोन्ही अर्थ मागे पडले. उरला तो तिसरा : ‘या शब्दांनीच, या कागदानेच’. जर्मन भाषेत याच घडणीचा ‘हीरमिट’ आहे.

आणि मराठीत? आपल्याला वाटतं ‘याद्वारे’ हा इंग्रजीवरून पाडलेला सरकारी शब्द. शब्द नवा असेल, कल्पना नवी नाही. जुन्या मराठीत ‘हा’ या सर्वनामाचं तृतीयेचं रूप ‘येणें’ असं होतं. ‘येणेप्रमाणे’, ‘येणेकरून’ हे शब्द त्यातूनच आले. जुन्या दस्तात ‘कारणे लिहून देतो ऐसाजे’ असा मजकूर असतो, तोही तेच काम करतो. आपल्या या भागात तर आणखी एक थर आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाची राजभाषा उर्दू होती. उर्दू नोटिशीत ‘बजरिये हाजा’ असं येतं. ‘बजरिये’ म्हणजे च्या द्वारे, ‘हाजा’ म्हणजे हा, हे. अक्षरशः ‘याद्वारे’. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदात उर्दू, नातवाच्या कागदात इंग्रजी, आणि मधल्या पिढीच्या कागदात मराठी. लिपी बदलली, राज्य बदललं, पण ते एक क्रियाविशेषण काही हटलं नाही.

आता प्रश्न असा, की ते काय करतं?

दोन वाक्यं घेऊ. ‘मी रोज सकाळी शेतात जातो.’ हे वाक्य खरं असेल किंवा खोटं असेल. जाऊन बघता येईल. दुसरं वाक्य, ‘मी तुला शब्द देतो.’ हे खरं की खोटं? विचारा स्वतःला. इथं वाक्याबाहेर जाऊन बघण्यासारखं काहीच नाही, कारण शब्द देणं ही गोष्ट ते वाक्य म्हणण्याच्या आधी घडलेली नव्हती. वाक्य म्हटलं आणि ती घडली. बोलणं हेच करणं झालं.

ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात बारा व्याख्यानं दिली. ऑस्टिन १९६० साली वारले आणि ती व्याख्यानं १९६२ साली पुस्तकरूपानं आली. ‘शब्दांनी गोष्टी कशा कराव्यात’ अशा अर्थाचं त्या पुस्तकाचं नाव आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तत्त्वज्ञांनी आजवर वाक्य म्हणजे जगाचं वर्णन असंच धरलं. पण वाक्यांचा एक मोठा वर्ग वर्णन करतच नाही, कृती करतो. शब्द देणं, पैज लावणं, नाव ठेवणं, माफी मागणं, मृत्युपत्रानं देणं. या वाक्यांना आपण मराठीत ‘कृतिवाक्यं’ म्हणू आणि दुसऱ्यांना ‘वर्णनवाक्यं’ म्हणू.

मग ओळखायचं कसं, हे कृतिवाक्य आणि ते वर्णनवाक्य? इथं ऑस्टिननी आपला शब्द कामाला लावला. क्रियापदाआधी ‘हिअरबाय’ घालून बघा, बसतो का. बसला तर कृतिवाक्य.

ही कसोटी मराठीतही चालते, करून पाहू. ‘मी याद्वारे राजीनामा देतो.’ बसलं. ‘तुम्हाला याद्वारे कळविण्यात येते की’ बसलं. ‘मी याद्वारे शेतात जातो.’ हसू आलं ना? कारण शेतात पायानं जावं लागतं, वाक्यानं जाता येत नाही. ‘मी याद्वारे स्वयंपाक करते.’ असं झालं असतं तर निम्मं जग सुखी झालं असतं.

पुढची दोन उदाहरणं जरा अवघड आहेत. ‘मी याद्वारे तुम्हाला पटवून देतो.’ हे का बसत नाही? पटवणं तर बोलूनच होतं! होतं, पण ते माझ्या हातात नसतं, ऐकणाऱ्याच्या हातात असतं. मी सांगू शकतो, पटणं तुमच्याकडे. ‘सांगणं’ याद्वारे होतं, ‘पटणं’ याद्वारे होत नाही. दुसरं, ‘मी याद्वारे तुझा अपमान करतो.’ अपमानही शब्दांनीच होतो. पण अपमान करण्यासाठी समाजानं असं ठरलेलं सूत्र ठेवलेलं नाही. ऑस्टिननीही हे उदाहरण नोंदवलं आहे. यावरून लक्षात येतं की ‘याद्वारे’ला दोन गोष्टी लागतात. काम शब्दांनी होण्यासारखं हवं, आणि त्या शब्दांनी ते झालं असं मानणारी रीत समाजात हवी.

ही रीत इंग्रजांनी आणली असं मात्र नाही. यज्ञात आहुती अग्नीत पडते तेव्हा यजमान ‘इदं न मम’ म्हणतो, हे माझं नाही. मीमांसकांनी यागाची चर्चा करताना द्रव्य, देवता आणि त्याग असे तीन भाग सांगितले. त्यातला त्याग होतो तो या उच्चारानं. तूप अग्नीत पडणं ही एक घटना, त्यावरचा माझा हक्क सुटणं ही दुसरी. दुसरी घटना शब्दांनी घडते. आणि शब्दाशिवायही हे घडू शकतं. आपल्याकडे काही जातींमध्ये काडीमोड घेण्याची रीत होती. काडी मोडली, नातं मोडलं. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, माळेगावच्या यात्रेला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. लिलावात ‘एक वार, दोन वार, तीन वार’. ‘तीन वार’ म्हटल्यावर आणखी शंभर रुपये देणारा आला तरी उपयोग नाही. शब्द पडला, व्यवहार झाला.

लग्नाचंच घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात असं आहे की विधीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. तिथं पाऊल हे ‘याद्वारे’. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तसं नाही. तिथं विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर वर-वधूंनी एकमेकांना, त्यांना समजणाऱ्या भाषेत, ‘मी तुझा स्वीकार करतो’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य म्हणावं लागतं. ते म्हटल्याशिवाय विवाह पूर्ण होत नाही. हार असोत, जेवण असो, नसो. ‘समजणाऱ्या भाषेत’ ही अट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण परत येऊ.

आता कुणी म्हणेल, शब्दानं एवढं होतं तर मीही म्हणतो, ‘याद्वारे नांदेडचा किल्ला माझा’. म्हणा. काही होणार नाही. ऑस्टिन म्हणतात, वर्णनवाक्य खोटं ठरतं, कृतिवाक्य खोटं ठरत नाही, ते फसतं. आणि फसण्याचे प्रकार आहेत. एक, तशी रीतच नसणं. दोन, म्हणणारा माणूस त्या अधिकाराचा नसणं. जहाजाचं नाव ठेवायला मान्यवर यायचे आहेत, आणि त्याआधीच भलताच माणूस येऊन बाटली फोडतो आणि नाव जाहीर करतो. जहाजाला नाव मिळत नाही. तीन, विधी पुरा न होणं. चार, मनात नसताना म्हणणं. पहिल्या तिन्ही वेळी कृती होतच नाही. चौथ्या वेळी कृती होते, पण पोकळ होते. पाळायचा नाही असा विचार मनात ठेवून शब्द दिला, तरी शब्द दिलाच, आणि देणारा त्यात अडकला. ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ ही पळवाट चालत नाही.

इथून आपण शेताच्या कागदाकडे येऊ, कारण नायगावात बसून या शब्दाचा विचार करायचा तर तो तिथंच करायला हवा.

इसारपावती, साठेखत आणि खरेदीखत. तिन्हींमध्ये जमीन तीच, माणसं तीच, बहुतेक शब्दही तेच. साठेखतात काय असतं? ‘विकण्याचे याद्वारे कबूल करतो.’ खरेदीखतात काय असतं? ‘याद्वारे विकतो.’ दोन्हीकडे ‘याद्वारे’ आहे! मग फरक कुठं? ते क्रियाविशेषण कोणत्या क्रियापदाला लागलंय ते बघा. पहिल्यात ते ‘कबूल करणे’ला लागलंय. म्हणजे त्या कागदानं घडली ती कबुली. विक्री पुढं व्हायची आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ हेच सांगतं : विक्रीच्या करारानं त्या मालमत्तेत आपोआप कोणताही हक्क निर्माण होत नाही. दुसऱ्या कागदात ते ‘विकणे’ला लागलंय, म्हणून तिथं विक्री घडते.

पण नुसतं लिहून घडते का? नाही. त्याच कलमाप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणी झालेला दस्तच लागतो. शंभर रुपयांत आज शेताचा बांधही येत नाही, म्हणजे प्रत्येक खरेदीला नोंदणी आलीच. तेव्हा शंभराच्या स्टँपवर, नोटरीचा शिक्का मारून, ‘याद्वारे कायमचे विकले’ असं लिहिलेला जो कागद असतो, तो ऑस्टिनच्या तिसऱ्या प्रकारात बसतो. रीत आहे, माणूस अधिकाराचा आहे, पण विधी पुरा नाही. वाक्य फसलं. ऑक्टोबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सूरज लॅम्प प्रकरणात हेच स्पष्ट केलं, की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांचा जोड लावून केलेल्या व्यवहारानं मालकी जात नाही. पैसे मात्र गेलेले असतात. पैसे देणं ही हातानं करायची कृती आहे, तिला ‘याद्वारे’ लागत नाही.

दुसरा कागद हक्कसोडपत्र. वडील गेले, शेत भावांच्या नावावर करायचं आहे, बहिणीला बोलावून घेतात. ‘सही करून टाक, पुढं बघू.’ या वाक्यातच सगळी मेख आहे. ‘पुढं बघू’ हे भविष्य आहे आणि ‘याद्वारे हक्क सोडत आहे’ हे वर्तमान आहे. नोंदणी कार्यालयात सही झाली की पुढं बघण्यासारखं राहत नाही. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं, की त्यासाठी २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. हा हक्क द्यायला संसदेला कायदा करावा लागला. तो जायला एक क्रियाविशेषण, एक क्रियापद आणि एक सही पुरते.

बहिणीनं हक्क सोडू नये असं आम्ही म्हणत नाही. तो तिचा प्रश्न आहे. समजून, मनापासून सोडला तर ते देणंच आहे, आणि देण्याला मोल आहे. आमचं म्हणणं एवढंच, की ती देत आहे हे तिला त्या क्षणी कळलेलं असावं. विशेष विवाह कायद्यातली ‘समजणाऱ्या भाषेत’ ही अट आठवा. १८७२ च्या करार कायद्यातही संमती मुक्त असावी लागते. दबावानं, फसवून किंवा अवाजवी प्रभावानं घेतलेली संमती असेल तर तो करार रद्द करून मागता येतो. पण मागता येतो, म्हणजे कोर्टात जावं लागतं, सिद्ध करावं लागतं. सही करायला दोन मिनिटं लागतात, ती पुसायला वर्षं जातात. म्हणून कागद समोर आला की त्यात ‘याद्वारे’ कुठं आहे ते शोधा आणि त्याच्यापुढचं क्रियापद मोठ्यानं वाचा. कबूल करतो, देतो, विकतो, सोडतो, हमी देतो, अधिकार देतो. कोणतं आहे ते? कागदाचं वजन त्या क्रियापदात आहे. आणि शंका असेल तर सहीच्या आधी वकिलाला विचारा.

आता सगळ्यात मोठं ‘याद्वारे’. ते आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे. इंग्रजीत ‘हिअरबाय’, हिंदीत ‘एतद्द्वारा’, मराठीत ‘याद्वारे’. शाळेत आपण रोज म्हणतो, आणि तो शब्द जिभेवरून घसरून जातो. त्याच्यापुढची क्रियापदं बघा : अंगीकृत करणं, अधिनियमित करणं, स्वतःप्रत अर्पण करणं. उद्देशिकेत संविधानाची माहिती दिलेली नाही. तिनं एक काम केलेलं आहे, २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेला. नागरिकत्वाची आणि निवडणूक आयोगाची कलमं त्याच दिवसापासून लागू झाली, बाकीची बहुतेक २६ जानेवारी १९५० पासून. हस्तलिखित प्रतींवर सदस्यांच्या सह्या झाल्या त्या २४ जानेवारीला. म्हणजे सह्यांचा समारंभ नंतर, कृती आधी. २६ नोव्हेंबर आपण संविधान दिन म्हणून पाळतो, तो योग्यच.

पण ऑस्टिनचा दुसरा प्रश्न विचारायलाच हवा : म्हणणारा अधिकाराचा होता का? कर्ता आहे ‘आम्ही, भारताचे लोक’. आणि आपण, या भागातले लोक, त्या ‘आम्ही’त होतो का? घटना समितीत हैदराबाद संस्थानाच्या जागा होत्या, पण त्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामानं फर्मान काढलं, की घटना समिती तयार करत असलेलं संविधान हेच हैदराबादचं संविधान असेल. तीन दिवसांनी दिल्लीत ‘आम्ही’ म्हटलं गेलं.

या तीन दिवसांच्या अंतरात दोन ‘याद्वारे’ समोरासमोर उभे आहेत. फर्मान हेही कृतिवाक्यच. राजा म्हणतो आणि होतं. त्याचा कर्ता एकटा आहे. उद्देशिकेचा कर्ता कोट्यवधी माणसं आहेत, आणि त्यांतली बहुतेक त्या दिवशी सभागृहात नव्हती. नायगावचं कुणीच नव्हतं. मग ते वाक्य आपल्यापुरतं फसलं का?

आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि कारण सांगतो. काही कृतिवाक्यांचा कर्ता आधीपासून तयार नसतो, वाक्याबरोबरच तयार होऊ लागतो. फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याबद्दल हाच मुद्दा मांडला होता, की सही करणारे ‘लोक’ सहीच्या आधी कुठं होते? सहीनंच ते लोक झाले. पण नुसत्या सहीवर भागत नाही. शब्द देणाऱ्याला जसं नंतर वागून दाखवावं लागतं, तसं इथंही आहे. १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, हैदराबाद राज्यातही झाली. कालपर्यंत फर्मान ऐकणाऱ्या माणसानं आणि बाईनं मत टाकलं. तेव्हा त्या ‘आम्ही’त मराठवाड्याचा आवाज खऱ्या अर्थानं मिसळला. जे वाक्य दिल्लीत आपल्या वतीनं म्हटलं गेलं, त्यात आपण नंतर येऊन बसलो. आणि जिथं जिथं एखाद्या माणसाला त्या ‘आम्ही’तून बाहेर ठेवलं जातं, पाणवठ्यावर, ग्रामसभेत, कार्यालयाच्या खिडकीवर, तिथं ते वाक्य तेवढ्यापुरतं पोकळ होतं. फसत नाही. पोकळ होतं. आणि पोकळ झालेला शब्द पाळायची जबाबदारी तो देणाऱ्यावर असते. देणारे आपण आहोत, घेणारेही आपणच. ‘स्वतःप्रत’ या शब्दाचा अर्थ तोच.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी वापराच्या दोन-तीन गोष्टी, कारण अर्ज लिहिताना घोटाळे होतात.

एक. ‘हिअरबाय’ आणि ‘हिअरविथ’ वेगळे. कागद सोबत जोडायचा असेल तर ‘हिअरविथ’, म्हणजे ‘यासोबत’. ‘हिअरबाय’नं गुणपत्रिका जोडता येत नाही, ती टाचणीनंच जोडावी लागते. ‘हिअरआफ्टर’ म्हणजे यापुढे, ‘देअरबाय’ म्हणजे त्यामुळे, त्यायोगे. दोन, ‘हिअरबाय’चं क्रियापद साध्या वर्तमानकाळात ठेवा. ‘मी याद्वारे जाहीर केले होते’ असं होत नाही, कारण जे काल झालं ते आजच्या कागदानं होऊ शकत नाही. तीन, साध्या पत्रात तो टाळा. ‘विनंती करतो’ एवढं पुरतं. मित्राला ‘याद्वारे वाढदिवसाच्या शुभेच्छा’ पाठवल्या तर तो नोटीस आली म्हणून घाबरेल. जिथं आपल्या शब्दानं कुणाचा हक्क, पैसा किंवा जबाबदारी जागची हलणार आहे, तिथंच तो शब्द वापरा, आणि तिथं मात्र विसरू नका.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली आहे : ‘तोंडी दिलेल्या शब्दाला मग काहीच किंमत नाही का?’ आहे. जमिनीची मालकी त्यानं जाणार नाही, कारण तिथं कायद्यानं विधी ठरवून दिला आहे. पण तोंडी करारही कायद्यानं करार असू शकतो, फक्त सिद्ध करणं अवघड जातं. आणि कायद्याबाहेरही शब्द देणं ही कृतीच आहे. ‘मी नुसतं म्हटलं होतं’ असं माणूस म्हणतो तेव्हा त्यातला ‘नुसतं’ हा शब्द तपासून बघावा. पुढचा प्रश्न कुणाचा?